फुगणारं पीठ

संजनाची गोळी काही फुटेना!

पाण्याच्या ग्लासाच्या तळाशी ती गोटीसारखी ठाण मांडून बसली होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाणी साधं गढूळसुद्धा होईना. उद्या सोमवारी शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी निवड, आणि तिच्या प्रयोगाचं नाव काय, तर 'गोळी पोटात फुटते कशी?' नववीत आल्यावर पहिल्यांदाच तिनं आपणहून हात वर केला होता, "सर, मी करते!" म्हणून. आता कुठल्या तोंडानं जायचं?

तयारी तर जोरात होती. तिचे बाबा, यादव, अंबडच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या मशीनवर होते. साहेबांना विचारून त्यांनी पुडीभर खास स्टार्च आणला होता. त्याच्यावर अशी प्रक्रिया केलेली असते, की पाणी लागताच तो टम्म फुगतो आणि गोळी आतून फोडतो. शिवाय एक जाड नट नि दोन बोल्ट. नटात पूड भरायची, दोन्हीकडून बोल्ट आवळायचे, की झाली गोळी!

संजनानं खडूची पूड आणि स्टार्च एकदमच पिठाच्या चिकट खळीत घालून पापडाच्या पिठासारखं मळलं, वाळवलं, चाळलं आणि गोळ्या पाडल्या.

बाबा कामावर गेलेले. ती गोळी घेऊन धावली शेजारच्या कुसामावशीकडे. मावशी पेठ तालुक्याकडची, बारा वर्षं त्याच कंपनीत पूड कालवायच्या खात्यात.

सगळी कृती ऐकून मावशीनं गोळी दाताखाली धरून पाहिली आणि खो खो हसत सुटली.

"अगं बये, ह्याला पाण्यात फुगायचं व्हतं. तू खळीतच फुगवून वाळवलंस. जेवून उठलेल्याला परत पंगतीत बसवतीस व्हय?"

"हसू नको ना मावशी! उद्या काय करू?"

"रडू नको. पुडीत उरलाय का?"

पुडी झटकली, तर चमचाभर निघाला.

"लय झाला. ह्या गोळ्या कुट, चाळ, आन् हे सगळ्यात शेवटी घाल. कोरडं. हलक्या हातानं कालव, मग परत गोळ्या पाड. आमच्याकडं कुणी आधी वतलं, तर सुपरवायझर अंगावर येतोय."

सोमवारी सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि संजनानं गोळी ग्लासात सोडली. आधी काहीच नाही. मग कडेला तडा गेला, गोळी फुगली आणि भसकन विखुरली. चाळीस सेकंद! अख्खा वर्ग ओरडला.

"निवड पक्की," सर म्हणाले. "तक्त्यावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाक."

एरवी संजना मान डोलावून बसली असती. आज नाही. "तुमचं टाकतेच सर, पण आधी कुसामावशीचं. ती आमच्या शेजारी राहते, कधी शाळेत गेली नाही. पण तिनं सांगितलं नसतं, तर गोळी अजून तळालाच असती."

सर हसले. "टाक बाई, टाक."

संध्याकाळी हे ऐकून मावशीचे भांडी घासणारे हात थांबले.

"माझं नाव? शाळंत?"

"सगळ्यांत वर!" म्हणत संजनानं मागून तिच्या गळ्यात हात टाकले.

मावशीनं हात धुतले. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "नुसतं कुसाबाई नको हां. कुसाबाई सहादू भोये. कंपनीच्या कार्डावर हाय ना, तस्सं लिव."