राजदूताच्या डोक्यावरचा पेटा

मी म्हैसूरचा पेटा बोलतोय. खायचा पेठा नव्हे हो, डोक्यावर घालायचा पेटा! तुम्ही बसा जरा. मला मात्र हल्ली स्वस्थ बसवत नाही.

चामराजपेटेत दामोदरअण्णांच्या दुकानात माझा जन्म झाला. रेशीम त्यांनी गुंडाळलं, जरीचा काठ त्यांच्या मुलीने, शिवलीलेने, निवडला. पहिल्यांदा मी चढलो तोही तिच्याच डोक्यावर. "अप्पा, मीच मंत्री!" म्हणत ती बापापुढे दुकानभर मिरवली.

मग एका व्यापारी संघटनेने मला विकत घेतलं. पाहुणा आला की बाहेर काढायचं, फोटो झाला की कपाटात. भाषणं ऐकून ऐकून मी इंग्रजीही शिकलो.

शिवलीला परदेशी शिकायला गेली. तिथे फीवाढीविरुद्ध मुलं रस्त्यावर नुसती गाणी म्हणत बसली होती. पोलिसांनी आधी लाठ्या चालवल्या, मग गोळ्या. शिवलीलेला पकडून नेलं. त्यानंतर तिचा फोन नाही. हे सगळं मी दुरुस्तीला अण्णांच्या दुकानात गेलो तेव्हा ऐकलं.

आणि आठवड्याभरातच महादेवपुऱ्यातल्या एका हॉटेलात त्याच देशाच्या राजदूताचा सत्कार! पेटा डोक्यावर नीट बसवायला नेहमीप्रमाणे अण्णांनाच बोलावलं. मला वाटलं, आता हे मला भिरकावतात. पण मुलगी त्यांच्या तुरुंगात होती. अण्णा वाकून म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीला तुमच्या पोलिसांनी मारत मारत नेलं. कुठं ठेवलंय, स्वल्प चौकशी करा की."

संघटनेच्या अभिजीतने ते इंग्रजीत सांगितलं, "यांची मुलगी तुमच्याकडे शिकते, जरा काळजीत आहेत." मारणं, नेणं, सगळं गाळलं. माझा नुसता संताप झाला.

राजदूत गोड हसले. "आम्हालाही चिंता आहे. परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे."

"अण्णा, प्लीज, फोटोग्राफर थांबलाय," अभिजीत पुटपुटला.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला त्या डोक्यावर चढवलं. मला खाली पडायचं होतं, पण अण्णांनी इतकं चोख बसवलं होतं की पडता येईना. मी फोटोत छान दिसतो म्हणे.

आता मी कपाटात आहे. शिवलीलेचा फोन आला का, हे मला इथे कोण सांगणार? बाहेर पाऊल वाजलं की जीव खालीवर होतो. पेटा सैल झाला की ही माणसं तो दुरुस्तीला अण्णांकडेच पाठवतात. म्हणून मी रोज थोडा थोडा सुटतोय. बाबांनो, कपाट उघडलंत तर मला घट्ट करू नका. तसाच चामराजपेटेला न्या.