झाकणावरचा नंबर

थुंकीच्या डबीवर नंबर घालायचा तो डबीच्या अंगावर, झाकणावर नाही. झाकण इकडचं तिकडे होतं. गेल्या चार वर्षांत हे मी इतक्यांदा ओरडून सांगितलंय, की लॅबमधल्या पोरी माझ्या पाठीमागे मला ‘झाकणबाई’ म्हणतात. म्हणोत बापड्या.

आणि त्या मंगळवारी मीच झाकणावर नंबर घातला.

तीन आठवडे खोकला होता. घरी सांगितलं, धुळीचा आहे. नवऱ्याला खरं वाटलं. तो भाबडा आहे. पण सात महिन्यांची पोरगी अंगावर पीत असताना मी तोंड भिंतीकडे फिरवून श्वास घ्यायचे.

आमची लॅब म्हणजे पूर्वी एक सूक्ष्मदर्शक आणि एक फुटकं बेसिन. मग परदेशातून एड्सच्या कामासाठी मदत आली. एड्सच्या पेशंटांना टीबीच जास्त गाठतो, म्हणून त्या पैशातून टीबी तपासायचं मशीन आलं, हवा आत ओढून घेणारं काचेचं कपाट आलं आणि माझा पगारही. इन्व्हर्टर तेवढा यायचाच राहिला होता. थुंकी भरून मशीनमध्ये घालायची प्रत्येक कार्ट्रिज एड्सच्या पेशंटांसाठी. दुसऱ्या कुणासाठी वापरायची तर मोठ्या डॉक्टरांची सही हवी. सही मागायची म्हणजे खोकला कबूल करायचा. माझ्या आधीच्या टेक्निशियनने तो कबूल केला होता. करारावरच्या माणसासाठी कोण थांबतंय? महिन्याभरात त्याच्या खुर्चीत मी बसले होते.

म्हणून मी चोरून तपासायचं ठरवलं. डबी कोरी ठेवली आणि झाकणावर पेन्सिलीने खोटा नंबर घातला, नंतर पुसता यावा म्हणून. शेजारी एका लाँड्रीवाल्या काकांची डबी होती. एड्सच्या ओपीडीतल्या सिस्टरने नेहमीसारखा झाकणावरच नंबर घालून पाठवलेली. एरवी मी ती तशीच परत धाडली असती. आज कुठल्या तोंडाने धाडणार?

कपाटात दोन्ही झाकणं काढली आणि लाईट गेली. कपाटाचा पंखा थांबला की आतली हवा खोलीत येते. अशा वेळी डब्या बंद करून बाहेर पळायचं, हा नियम. मी झाकणं लावली आणि पळाले. जिन्यापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. कुठलं झाकण कुठल्या डबीला लावलं मी?

लाईट आल्यावर बघितलं, तर दोन्ही डब्या सारख्याच. तरीही मी मशीन लावलं. दोन तासांनी निकाल आला. माझा नंबर साफ. काकांच्या नंबरावर टीबी, तोही नेहमीच्या औषधाला दाद न देणारा.

खोटं कशाला बोलू, मी हसले. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण झाकणं बदलली असतील तर? माझ्या रोगाच्या जहाल गोळ्या काका महिनोन्‌महिने खाणार, आणि मी पाच वाजता घरी जाऊन पोरीला छातीशी धरणार.

मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“सर, दोन डब्यांची झाकणं बदलली असतील.”

“तुमच्या हातून?” त्यांना हसूच आलं. “दुसरी डबी कुणाची?”

“माझी.”

त्यांनी गळ्यातला मास्क नाकावर ओढला.

त्या रात्री पोरगी सासूबाईंकडे निजली. दाराआड तिचं रडणं ऐकत मी पडून राहिले.

बुधवारी सकाळी काकांनी आणि मी नव्याने थुंकी दिली. लॅबमधल्या पोरीने माझ्यासमोर दोन्ही डब्यांच्या अंगावर ठसठशीत नंबर घातले. मग आम्ही दोघं पेशंटांच्या बाकावर बसलो.

“ताई, तुम्ही इथल्याच ना? मग बाकावर कशा?” काकांनी विचारलं.

“माझीही तपासणी आहे.”

“बरं झालं बाई. मला वाटलं, घाबरणारा मी एकटाच.”

मोठ्या डॉक्टरांची एक सवय आहे. रिपोर्ट साफ असला की ते दारातूनच हाक मारून कागद देतात. वाईट असला की मास्क नीट करून बाकापर्यंत चालत येतात. चार वर्षं मी हे आतून बघत होते. बाकावरून दार फार लांब दिसतं.

दार उघडलं.

“काका, या, कागद घेऊन जा!”

काका धडपडत गेले आणि डोळे पुसत परत आले. “साफ आहे म्हणाले. ताई, तुमचंही असंच होणार बघा.”

डॉक्टर अजून दारातच उभे होते. त्यांनी मास्क नाकावर नीट दाबला आणि चालायला लागले.

“सर, पोरगी सात महिन्यांचीच आहे हो,” ते पोचायच्या आधीच मी म्हणाले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तिला आजच घेऊन या.”