लाखोळीची भाकर

रोहणा गावच्या रूपराव पाटलांच्या अंगणात सालदारांचे, सालभरासाठी ठेवलेल्या गड्यांचे, धान्य मोजणे चालले होते. जंगलूची पाळी आली तसे त्याने पोत्याचे तोंड उघडून धरले. पायलीतून पडलेले दाणे पाहून तो थबकला. ज्वारी नव्हती; करड्या रंगाची, कोनदार लाखोळी होती, लाखेच्या डाळीचे कडधान्य.

"मालक, यंदा जवारी नाई का?"

"कंट्रोल उठलं ना बा. पुलगावचे व्यापारी खळ्यावरूनच जवारी उचलून नेऊन राह्यले. लाखोळीले काय झालं? डाळच हाये. पोटाले आधार राह्यते."

रूपराव मनाने दुष्ट नव्हते. पण सरकारी नियंत्रण उठून धान्याचा बाजार मोकळा झाला होता. इथली ज्वारी मोठ्या शहरांकडे जाई आणि पूर्वेकडून स्वस्त लाखोळी वॅगन भरभरून येई. आसपासचे सारेच मालक सालदाराला तीच देऊ लागले. जे चांगल्या भावाने खपत नाही ते गड्याच्या पदरात, ही रीत जुनीच होती.

हिवाळाभर जंगलूच्या घरी लाखोळीची भाकर, लाखोळीचेच वरण. त्याची बायको भागाबाई कधी त्यात अंबाडीचा पाला टाकी. चैत्रात एका सकाळी जंगलू बैलांना पाणी दाखवायला उठला आणि कोसळला. पोटऱ्या लाकडासारख्या ताठ. काठी टेकून तो चवड्यांवर उभा राहिला, तर गुडघे एकमेकांवर आपटू लागले. कोणी म्हणाले करणी, कोणी म्हणाले वारे. भागाबाईने त्याला बैलगाडीत घालून आर्वीच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी एकच विचारले, "काय खाता?"

उत्तर ऐकून त्यांनी मान खाली घातली. "लाखोळीनं असं होतं, बाई. गेलेली ताकद परत येत नाही. आता ती बंद करा."

"बंद करून काय खाऊ, साहेब? तुमी सरकारातले. तिचं इकणंच बंद करा ना!"

"वर सांगून पाहिलं. म्हणतात, गरिबाच्या तोंडचं स्वस्त अन्न कसं काढायचं?"

पाटलांच्या घरी सारवायला आलेल्या भागाबाईने हे सारे पाटलीणबाईंना, विमलाबाईंना, सांगितले. दुपारी रूपराव जेवायला बसले, तेव्हा ताटात जाडसर पिवळट भाकर आली.

"हे काय वाढलं?"

"जंगलूच्या घरी रोज शिजते ते."

रूपरावांनी ताट झटक्याने सरकवले. "येडी झाली का तू? पाय जातात याच्यानं मानसाचे!"

विमलाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

"साऱ्याइलेच मालूम हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "सारेच देऊन राह्यले. मी एकट्यानं जवारी देल्ली तर काय होते?" ते न जेवताच उठले.

विमलाबाईंनी टोपलीभर ज्वारी घेतली आणि भर उन्हात गोंडमोहल्ल्याची वाट धरली. पाटलांच्या घरची बाई तिकडे कधी गेली नव्हती. कुडाला टेकून बसलेला जंगलू त्यांना पाहून अदबीने उठायला गेला आणि पडला. भागाबाईने त्याला सावरले, मग टोपली घेतली.

"उपकार झाले, बाई. पण ह्याइचे गेलेले पाय कुठून आणू?"

इतक्यात जंगलूचा धाकटा भाऊ कवडू खांद्यावर लाखोळीचे पोते घेऊन आला. जंगलूच्या जागी पाटलांनी त्याला आजच ठेवले होते.

"कवडू, ते घरात नको नेऊ, बापा," विमलाबाई म्हणाल्या.

"मंग पोराइले काय चारू, पाटलीणबाई?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरेच विचारत होता. विमलाबाईंजवळ एक टोपली होती, ती देऊन झाली होती. कवडू पोते घेऊन आत गेला.

त्या सांजेला मोहल्ल्यातल्या घराघरांत लाखोळी शिजली. भागाबाईकडून कळल्यापासून शिजवणाऱ्या प्रत्येकीला तिचा हा गुण ठाऊक होता. पाटलांना होता, डॉक्टरांना होता. आता हे वाचणाऱ्या आपल्यालाही आहे.