खंडेनवमीला पुजलेली मशीनगन

मी एक जुनी जर्मन मशीनगन आहे. मित्रांनो, मला बघून हळहळू नका, त्याचा आता मला उबग आलाय. 'बिचारी मुकी झाली' असं जो तो म्हणतो. अहो, नळीत पोलादाचा तुकडा घालून, वेल्डिंग करून मला कायमचं बंद केलं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत मला कारखान्यात बनवलं. मी काम चोख केलं, म्हणजे माणसं मारली. युद्ध संपल्यावर एका सैनिकानं मला अमेरिकेत आणलं आणि या हातातून त्या हातात जात शेवटी मी रेडमंडला, परीक्षितच्या हॉलमध्ये येऊन पडले. हा मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो तो ठिबकतोच, पण माझं तेलपाणी कधी चुकत नाही. पाहुणे आले की याची टकळी सुरू, "ओरिजिनल आहे बरं का, रेप्लिका नाही." मिनिटाला किती गोळ्या सुटायच्या ते त्याला तोंडपाठ. त्या कुठं लागायच्या, याची चौकशी त्यानं कधी केली नाही.

यंदा खंडेनवमीला तर कहर झाला. विळी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉपच्या शेजारी मलाही पाटावर ठेवलं आणि झेंडूची माळ घातली.

"हिला कुंकू मी लावणार नाही," त्याची बायको आश्लेषा म्हणाली.

"अगं, शस्त्रपूजन आहे. आज नाही तर कधी लावणार?"

"विळी आपल्याला जेवायला घालते. हिनं काय केलंय?"

तेवढ्यात त्यांची लेक निधी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, डिड इट किल पीपल?"

"बेटा, ती डिॲक्टिव्हेट केलीय. टोटली सेफ."

"बट बिफोर दॅट?"

"आधी नमस्कार कर बघू. काका-काकू येतीलच आता."

निधीनं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत ती उत्तराची वाट पाहत राहिली. आयुष्यभर मी नको तिथं तोंड सोडलं, आणि एक शब्द बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात बूच. संताप संताप झाला माझा.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. मला ठेवायचं तर ठेवा, तेल घाला, धूळ पुसा, पण ती माळ काढा. आणि एखाद्या लेकरानं विचारलं, तर त्याला नमस्कार करायला लावू नका. त्याला जवळ बसवा आणि सांगा, हो, हिनं माणसं मारली.