भाड्याच्या सोफ्यावरची बटणं

उशीबाईने आधी काच पाहिली आणि मग आईची नडगी. हा क्रम मी जन्मात विसरणार नाही.

मी दारात उभी होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. बैठकीच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, दुसरा लांब, आणि त्या लांब पायावरून रक्ताची रेघ ओघळत मोज्यापर्यंत आलेली. शेजारी उशीबाई ओणवी होऊन काचेच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"टवका नाही उडाला," ती म्हणाली. "नशीब."

"कुणाचं?" मी विचारलं.

तेव्हा कुठे तिने आईकडे पाहिलं. "अगंबाई, आजी, लागलं का तुम्हाला?"

"नाही, नाही," आई म्हणाली. रक्त तिला दिसत नव्हतं, पण ओलं लागलं होतं, म्हणून ती पदराने पुसायला गेली आणि नेमकी जागा सोडून भलतीकडेच पुसत राहिली. "माझंच चुकलं. दोन बटणं लागली हाताला, म्हणून सरळ निघाले."

उशीबाईला या वाक्यातलं काही कळलं नाही. मला सगळं कळलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आईची नजर सहा वर्षांत थोडी थोडी करत गेली. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग दोऱ्याचा रंग, मग माणसं. चाळीस वर्षं तिने याच खोलीत खिडकीपाशी मशीन ठेवून शाळेचे गणवेश आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवले. नजर गेली तशी ती रडत बसली नाही. तिने घर हाताने पाठ करायला घेतलं. खाटेवरून उठलं की उजव्या हाताला कपाटाची मूठ, मग शिवणयंत्राचं चाक, मग दाराची चौकट, मग ओटा. चहा स्वतः करायची. दूध उतू जाण्याआधी तिला आवाजावरून कळायचं. नवीन माणूस घरी आला तर पंधरा मिनिटं त्याच्या लक्षातही यायचं नाही की या बाईला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "यांना घरातून हलवू नका, बाकी काही औषध नाही." धाकट्याने ते ऐकलं होतं. माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून ऐकलं होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुसऱ्या शहरात असतो, दर रविवारी फोन करतो, आईच्या डोळ्यांचे थेंब न चुकता पाठवतो. वर्षापूर्वी त्याने घर विकायचा विषय काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, उद्या आईला काही झालं तर खुर्चीत बसवून उतरवायची का? त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, इस्पितळ कोपऱ्यावर आहे, आईला स्वतंत्र खोली आहे. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तो लबाड असता तर मला भांडायला किती सोपं गेलं असतं.

आईला त्याने एकदाच विचारलं. "विका बाबा," ती म्हणाली. "हिचे गुडघे तरी सुटतील त्या जिन्यातून." हिचे म्हणजे माझे. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी लिहून घेते. दिवसभर लोक फोनवर ओरडतात आणि मी गोड आवाजात "नोंद केली आहे" म्हणते. घरी आल्यावर ओरडायला माझ्यात दमच उरत नाही. तेव्हाही मी काही बोलले नाही, आणि तिथेच माझं पहिल्यांदा चुकलं.

मग दलाल आला, आणि दलालाने उशीबाई आणली. घर विकायला काढलं की ते सजवून देण्याचा तिचा धंदा. तिला नाव आहे, पण पहिल्याच दिवशी तिने चौदा उशा आणल्या, तेव्हापासून ती आमच्या घरी उशीबाई झाली. हे नाव आईनेच ठेवलं. "एवढ्या उशा कुणाच्या डोक्यांना गं? आपण दोघीच," ती म्हणाली होती.

उशीबाई म्हणाली, घर विकत घेणारा माणूस तुमचं घर बघायला येत नाही, तो स्वतःचं घर बघायला येतो. तेव्हा तुमचं असं काही दिसता कामा नये. मग बाबांचा फोटो गेला. औषधांचा डबा गेला. आईची काठी कपाटाच्या मागे गेली. शिवणयंत्र तर पहिल्याच आठवड्यात दोन हमालांनी उचलून कुठल्याशा गोदामात नेलं, कारण त्याने खोली "कारखान्यासारखी" दिसत होती. त्याच्या जागी भाड्याचा सोफा आला, मोतिया रंगाचा. त्यावर आम्ही दोघी कधी बसलोसुद्धा नाही, डाग पडेल म्हणून.

फ्रीजवर नियमांचा कागद लागला. कुणी बघायला येणार असेल त्या दिवशी तळण नाही, कांदा नाही, बाल्कनीत कपडे वाळत नाहीत. आणि सगळ्यात शेवटचा नियम कागदावर लिहिलेला नव्हता, तो दलालाने मला जिन्यात सांगितला. आजींना तासभर बाहेर न्या. म्हातारं, अधू माणूस घरात दिसलं की गिऱ्हाईकाचं मन उडतं.

म्हणून वर्षभर मी आईला जिने उतरवून खाली नेत होते. ज्या जिन्यांपासून तिला वाचवायला घर विकत होते, तेच जिने, आठवड्यातून दोनदा तीनदा. थंडीत आम्ही समोरच्या बागेतल्या बाकावर बसायचो. उन्हाळ्यात बाक पोळायला लागला, तेव्हा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात. तिथल्या नर्सने एकदा विचारलं, "आजी, काय होतंय?"

"मला काही नाही गं," आई म्हणाली. "आमचं घर विकलं जातंय, ते झालं की जाऊ."

दर दोन महिन्यांनी हवा बदलली की उशीबाई घराचे कपडे बदलायची. उन्हाळ्यात पांढरे पडदे, पावसाळ्यात पिवळे दिवे आणि ओलीचा वास मारायला कसल्याशा कांड्या. दर वेळी खुर्ची इकडची तिकडे, दिवा तिकडचा इकडे. आणि दर वेळी आई आपल्याच घरात दोन दिवस भिंतीला हात लावून उभी राहायची. मग पुन्हा शिकायची. कुरकुर नाही, तक्रार नाही. "शाळेत नाही का, दरवर्षी बाक बदलतात," ती म्हणायची.

पावसाळ्यात एकदा आम्ही भिजून लवकर वर आलो, तर गिऱ्हाईक अजून घरातच. तरुण नवरा-बायको, हातात टेप घेऊन खिडकी मोजत होते. दलाल पटकन पुढे झाला आणि म्हणाला, "या शेजारच्या आजी."

मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला.

"हो," ती म्हणाली. "मी शेजारीच असते. घर चांगलं आहे हो. हवेशीर आहे."

स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी दाराशी उभी राहून, ओल्या चपला हातात धरून, ती त्या दोघांना आपल्या घराची तारीफ सांगत होती. त्यांनी ते घर घेतलंही नाही. त्या दिवशी मी धाकट्याला फोन केला आणि पाच मिनिटं नुसती ओरडले. तो म्हणाला, "ताई, तू उगाच तापतेस. दोन महिने कळ काढ." वर्षभर दोन महिनेच उरले होते.

बटणांची कल्पना त्यानंतरची, आणि ती आईची. सोफा काही हलत नाही, निदान तो तरी खुणेला धरू, असं तिने ठरवलं. मला बटणांचा डबा काढायला लावला आणि सोफ्याच्या पाठीमागे, शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाहीत अशी बटणं टाकली. उजव्या टोकाला दोन: इथून सरळ सहा पावलं, स्वयंपाकघर. डाव्या टोकाला एक: इथून खाट. टाके इतके बेमालूम की मला डोळ्यांनी सापडेनात. बऱ्याच दिवसांनी तिने सुई धरली होती, त्या संध्याकाळी ती गुणगुणत होती. चार महिने ती त्या बटणांवर घरभर फिरली. पुन्हा चहा करायला लागली. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

आणि मग त्या दिवशी, तीन वाजता कुणी बघायला येणार होतं, म्हणून उशीबाई मी येण्याआधीच तिच्याकडच्या किल्लीने घरात शिरली. ती किल्ली धाकट्याने दिली होती, मला न विचारता. आई खाटेवर डुलकी घेत होती. उशीबाईने हमालांकडून सोफा उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवला, फोटोत ऊन छान येतं म्हणून, आणि समोर नवीन काचेचं टेबल मांडलं. हमाल खाली गेले, ती फोनवर बोलत बाल्कनीत गेली. आई उठली, भिंत धरून सोफ्यापाशी आली, हाताला दोन बटणं लागली. दोन बटणं म्हणजे सरळ. ती निर्धास्त निघाली. पाय उचलून, घरधनिणीसारखी. चाचपडत गेली असती तर एवढं लागलं नसतं.

चार टाके पडले. दवाखान्यातली तीच नर्स होती. "घर विकलं का आजी?" तिने विचारलं. आई या वेळी काही बोलली नाही.

परत आलो तर जिन्यात दलाल, गिऱ्हाईकाला घेऊन.

"आज नाही," मी म्हटलं.

"ताई, लांबून आलेत हो. दहा मिनिटं फक्त."

"आज नाही, उद्या नाही, परवा नाही. तुमच्या त्या बाईला सांगा, सहाच्या आत तिचं सामान हललं नाही तर एकेक उशी मी खिडकीतून खाली सोडीन. टेबल सगळ्यात शेवटी सोडीन, म्हणजे तिला टवके मोजता येतील."

कचेरीत अठरा वर्षं गिळलेलं सगळं माझ्या आवाजात होतं. गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता जिना उतरून गेलं.

उशीबाई हमाल घेऊन आली. सोफा उचलताना एकाच्या बोटांना बटणं लागली. तिने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी केलं? सोफा भाड्याचा आहे. परवा दुसऱ्या घरी जायचाय."

मी कात्री घेऊन पुढे झाले. खरं सांगते, बटणांसकट कापडच फाडायचं माझ्या मनात होतं.

"आण ती कात्री इकडे," आई म्हणाली. "तू कापड खराब करशील."

टाके घातलेला पाय लांब करून ती जमिनीवर बसली आणि आपणच घातलेले टाके एकेक करून उसवले. नखाने दोरा उचलायचा, कात्रीचं टोक आत घालायचं, हलकेच ओढायचं. कापडाला भोकसुद्धा दिसलं नाही. उशीबाई बघत उभी होती. हमाल खाली बघत होते. तिन्ही बटणं आईने मुठीत घेतली आणि म्हणाली, "न्या. नीट न्या, दारात अडकेल."

रविवारी फोन आला नाही, धाकटा स्वतः आला. मी त्याला पाणीही विचारलं नाही. आईची पट्टी दाखवली.

"मला माहीत नव्हतं ताई, सोफा फिरवतील म्हणून."

"तुला काय माहीत होतं? वर्षभर ती बागेत बसते हे माहीत होतं? आम्ही तिला शेजारीण म्हणून खपवली, हे माहीत होतं?"

"मी तिच्या भल्यासाठीच—"

"तिचं भलं तुला लिफ्टच्या बटणात दिसलं. तिला विचारलंस एकदा, आणि तिने माझे गुडघे पुढे केले तर तेच धरून बसलास."

तो उठला आणि गोदामात गेला. दुपारी शिवणयंत्र घेऊन आला. हमालांबरोबर त्यानेही तिन्ही जिने ते उचललं होतं, शर्ट घामाने चिकटला होता. आम्ही दोघांनी मिळून खोली पुन्हा मांडली. यंत्राच्या पायांनी फरशीवर खड्डे पाडले होते, त्यात पाय बरोबर बसवले. कपाट सरकवलं. खुर्च्या लावल्या. बाबांचा फोटो टांगला. तासभर आम्ही भावंडं न भांडता काम करत होतो, लहानपणी आई रागावल्यावर करायचो तसं.

"आता विकायचं नाही," धाकटा म्हणाला. "मी दलालाला सांगितलं. विषय संपला."

वर्षभर मला हेच हवं होतं. मी आईच्या खाटेपाशी गेले. "उठ आई. सगळं होतं तिथे ठेवलंय. बोटभरही इकडेतिकडे नाही."

"हो का," ती म्हणाली. "असेल."

"अगं असेल काय? आहे. उठून बघ."

"बघते. नंतर बघते."

ती उठली नाही. पाय दुखत असेल, असं आम्ही म्हटलं. पायाचे टाके निघाले, जखम भरली. न्हाणीघरात जायचं झालं की ती हात पुढे करून थांबते आणि मी धरून नेते. हाताखालून कपाटाची मूठ जाते, यंत्राचं चाक जातं, ती कशालाच हात लावत नाही. मी एकदा चिडून तिचा पंजा त्या चाकावर ठेवला. "हे बघ. तुझंच आहे ना?" तिने चाक थोडं फिरवलं, मान हलवली आणि हात काढून घेतला. "आज आहे," ती म्हणाली.

धाकट्याने रजा वाढवली होती. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो, तेवढ्यात आतून आईची हाक आली.

"कुणी आहे का घरात? जरा पाणी मिळेल का?"

धाकटा कप ठेवून उभाच राहिला. मी पेला भरून नेला. तो दोन्ही हातांनी धरून ती पाणी प्यायली आणि मी चहा संपवायला परत आले. मग त्याची बॅग, डबा, रिक्षा, या गडबडीत अर्धा तास गेला. त्याला निरोप देऊन वर आले तर आई खाटेच्या कडेवर तशीच बसली होती, रिकामा पेला मांडीवर दोन्ही हातांत धरून. तिचं स्टूल खाटेला लागूनच होतं, कायम असायचं तिथेच. तिने तिकडे हात नेलाच नव्हता. मी येऊन पेला घेईपर्यंत ती तो धरून थांबली होती.