माझ्या पोटातली कवळी

मी बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण माझा स्पीकर एका बाजूने पिठाने बुजलाय. पण ऐकू येईल.

मी एक मोबाईल. जन्म कारखान्यातला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, तपासलं, डब्यात झोपवलं. डब्यावर ठळक आकडा होता, चौसष्ट जीबी. दुकानातल्या विक्रेत्याने माझ्या मालकांना सांगितलं, "साहेब, चौसष्ट म्हणजे डोळे झाकून घ्या. आयुष्यभर भरणार नाही."

त्याने कोणाचं आयुष्य धरलं होतं कोण जाणे. कुत्र्याचंही नसावं.

माझे मालक कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत आणि हे आपल्या छोट्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन दात उभे करत. सगळा मोहल्ला त्यांना दातकाका म्हणे. पूर्वी ते प्रत्येक कवळीचा प्लास्टरचा साचा जपून ठेवत. मग फळ्या भरल्या, खिडकीची कड भरली, एकदा तर जेवायच्या टेबलावर कोणाचा तरी खालचा जबडा आला. तेव्हा मालकीणबाईंनी बजावलं, "एक तर हे दात राहतील, नाही तर मी."

म्हणून दातकाकांनी साचे फेकले आणि त्याऐवजी फोटो काढायला सुरुवात केली. म्हणजे जागेची जी अडचण होती ती टेबलावरून उचलली आणि माझ्या पोटात ढकलली.

माझी रचना थोडक्यात सांगतो. माझ्यात एक कोठीची खोली आहे आणि एक ओटा. कोठीत सामान साठवायचं, ओट्यावर रोजचं काम करायचं. लोकांना वाटतं कोठी भरली तरी ओट्याला काय त्याचं! पण सामान दारापर्यंत आलं की ओट्यापर्यंत जायलाच वाट राहत नाही. मग मी अडखळतो, आणि लोक म्हणतात, "फोन म्हातारा झाला." म्हातारा नव्हतो हो. खाऊन खाऊन सुस्तावलो होतो.

आणि खायला घालणारे एकटे दातकाका नव्हते. ॲप यायची ती पाहुण्यासारखी, एका पिशवीनिशी. दोन महिन्यांत अंगाने दुप्पट. दर काही दिवसांनी म्हणायची, "आम्ही अधिक चांगली झालो आहोत." चांगली म्हणजे जाड, एवढं मी अनुभवाने शिकलो. शिवाय आकाशातल्या गोदामात जी फुकट जागा मिळते, ती दातकाकांनी पहिल्याच वर्षी हिरड्यांनी भरून टाकली होती.

आणि मग आत्या. दातकाकांना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या आत्याने. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि रोज सकाळी गुलाब पाठवायची. गुलाब, सूर्योदय, हसणारं बाळ, दवबिंदूवर लिहिलेला सुविचार. दातकाका एकही उघडून बघत नसत आणि एकही पुसत नसत. "आत्याचं आहे," एवढंच म्हणत.

नावांच्या यादीत आत्या अगदी वर होती. त्यामुळे दातकाकांनी घाईत काहीही पाठवलं की ते आत्याकडेच जायचं. विजेचं बिल तिच्याकडे गेलं. गॅसवाल्याला पाठवलेला पत्ता तिच्याकडे गेला. एकदा एका डॉक्टरांना पाठवायचे कवळीचे फोटो तिच्याकडे गेले. तिने उत्तर दिलं, "छान आहे. जेवलास का?"

मालकीणबाई वाचनालयात काम करायच्या. जुनी, फाटकी, कोणी न वाचलेली पुस्तकं काढून नव्यांना जागा करून देणं हे त्यांचं काम. हात पक्का होता. त्यांच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ येणार होता, चांगला तासाभराचा, आणि मी सारखा ओरडत होतो की जागा नाही.

"अहो, आणा तो फोन इकडे," त्या म्हणाल्या. आणि भाजी निवडावी तसं मला निवडलं. अंधारातले फोटो गेले. एकसारखे सात-सात फोटो होते, त्यातला एकेक उरला. मग त्या दातांपाशी आल्या. शेकडो दात. वर नाव नाही, गाव नाही. त्यांनी सगळ्यांवर एकदम बोट ठेवलं. पुसलेल्या गोष्टी काही दिवस टोपलीत राहतात, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टोपलीही पालथी केली.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसं. मी त्या संध्याकाळी इतका भरभर चालत होतो की दातकाका म्हणाले, "नवाच आणल्यासारखा वाटतोय!" त्यांनी का, कसा, हे विचारलं नाही. लग्नाचा व्हिडिओ आला, ऐसपैस बसला. मागोमाग दोन ॲप अधिक चांगली झाली. चार दिवसांत मी पुन्हा गळ्यापर्यंत.

आणि तेव्हाच महाराज आले.

महाराज म्हणजे नाटकातले म्हातारे नट. आयुष्यभर राजाच झाले, म्हणून सगळे त्यांना महाराजच म्हणत. दारात उभे राहिले ते तोंडावर रुमाल धरून. रुमालाआडून काहीतरी बोलले ते फुगा सुटावा तसं ऐकू आलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर उलगडा झाला. खिडकीपाशी कवळी धुताना हातातून सटकली, तिसऱ्या मजल्यावरून थेट रस्त्यावर, आणि तेवढ्यात खालून ट्रक गेला.

"शनिवारी माझा शेवटचा प्रयोग आहे," महाराज म्हणाले. (हे मी दुरुस्त करून सांगतोय. मूळ वाक्यात एकही अक्षर धड नव्हतं.) "नवी कवळी दे. पण हुबेहूब तीच. समोरच्या दोन दातांत जी फट होती ना, तिच्यामुळे माझ्या 'स'ला बारीक शीळ यायची. 'सेनापती!' असं म्हटलं की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकायची. ती शीळ नसेल तर मी राजा नाही, वाड्याचा रखवालदार वाटेन."

दातकाका हसले. "काळजीच नको महाराज. मागे तडा सांधायला आणली होतीत, तेव्हाच सगळ्या बाजूंनी फोटो काढलेत. एकेक दात कसा कललाय ते आहे इथे." आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

त्यांचं बोट वर-खाली फिरत राहिलं. गुलाब. सूर्योदय. नवरी. गुलाब. मला तोंड असतं तर मी तेव्हा रुमाल धरला असता.

महाराजांच्या हिरडीचं नवं माप घेऊन त्यांना घरी पाठवलं आणि दातकाका घरात शिरले. "अगं, दात कुठे गेले?"

"कोणाचे?"

"सगळ्यांचे!"

मालकीणबाईंना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. "मला वाटलं काम झालं की ते कशाला लागतात... एकदाही उघडून बघताना दिसला नाहीत हो तुम्ही."

"म्हणून काय फेकायचे? अग्निशामक बंबही रोज कोणी वापरत नाही!"

"मग नीट नाव देऊन ठेवायचे! पुस्तकाच्या पाठीवर नाव नसेल तर मी तरी काय करू?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण लांबलं. शेवटी दातकाका मेणाचा गोळा हातात घेऊन नुसते दाबत बसले. म्हणाले, "म्हातारा माझ्या भरवशावर उभा राहणार आहे गं, हजार माणसांसमोर."

तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "ते फोटो तुम्ही कोणाला पाठवले होते का?"

"डॉक्टरांना. पण त्यांना पोचलेच नाहीत. ते चुकून..." आणि दातकाका ताडकन उठले.

आत्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला. "काय रे, बरा आहेस ना?"

"आत्या, मी तुला मागे दात पाठवले होते. आहेत का अजून?"

"आहेत की. जातील कुठे?"

"पुसले नाहीस?"

"पुसू कशाला? तू पाठवलंस ना! मला वाटलं, दात जप म्हणून सांगतोयस. तेव्हापासून रोज दोनदा घासते."

मग शोध सुरू झाला. आत्या मोठ्याने सांगत होती. "गुलाब... गुलाब... तुझं विजेचं बिल... हे कोणाचं बाळ आहे रे? ...सूर्योदय... सापडले! अगं बाई, केवढे पिवळे!"

"तेच! तेच पाठव आत्या, लगेच!"

"निवडून पाठवणं मला जमत नाही बाबा. त्या महिन्याचं सगळंच पाठवते."

आणि तिने पाठवलं. फुलं, बाळं, पहाटे, झऱ्यांचे व्हिडिओ, त्यांच्या गर्दीत कुठेतरी महाराजांची कवळी. माझ्या दाराशी ही सगळी वरात आली आणि मी काय करावं? मला जे बोलायला शिकवलंय तेच मी बोललो, 'पुरेशी जागा नाही.'

दातकाकांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी फक्त एकदा, पाण्याच्या बादलीत पडलो होतो तेव्हा, पाहिली होती.

काढायला बसले. टॉर्चचं ॲप काढलं, चिमूटभर जागा झाली. खेळ काढला, मूठभर. मग दातकाकांचं बोट एका व्हिडिओवर थांबलं. एका मित्राच्या निरोप समारंभात ते स्वतः गायले होते, चांगली सात कडवी. "हेच जाऊ दे," ते म्हणाले. "नाही तरी तू म्हणतेसच, दातात काहीतरी अडकल्यासारखा आवाज येतो."

"ते नाही काढायचं."

"अगं, तुला कधी आवडलंय?"

"गाणं नाही आवडलं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण प्रत्येक कडव्याला अडखळलात की तुम्ही माझ्याकडे बघता त्यात. ते असू दे."

त्यांनी मला दातकाकांच्या हातातून घेतलं. भाचीचं लग्न उघडलं, नवरीचं हसू क्षणभर पाहिलं आणि पुसून टाकलं.

"अगं! तासाभराचा होता तो!"

"त्या लग्नाला मी होते ना," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभी होते. पायांना सगळं आठवतंय."

मी इतकी वर्षं लोकांच्या आठवणी वाहतोय, पण त्यातल्या काही पायांतही राहतात हे मला त्या दिवशी कळलं.

दात आले. दातकाका मला लाकडी ठोकळ्याला टेकवून कामाला बसले. फोटो मोठा करून बघत, मेणात दात किंचित वळवत, पुन्हा बघत. पहिल्यांदा महाराजांनी तोंडात घालून "सेनापती!" म्हटलं तेव्हा नुसतं "सेनापती" ऐकू आलं. महाराजांचा चेहरा पडला. दातकाकांनी फोटो पुन्हा पाहिला. फट बरोबर होती, पण डावा दात केसभर पुढे झुकलेला होता. तो झुकवला.

"सेनापती!"

शीळ आली. गरम तव्यावर पाणी पडावं तशी. मालकीणबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या खरंच एक पाऊल मागे सरकल्या. महाराजांनी डोळे मिटून घेतले आणि दातकाकांचा हात किती तरी वेळ सोडला नाही.

शनिवारी आम्ही तिघेही तिसऱ्या रांगेत होतो. महाराज प्रवेशले, टाळ्या झाल्या, आणि दातकाकांनी मला उंच धरून लाल बटण दाबलं. मी जीव तोडून टिपायला लागलो. महाराजांनी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि... 'पुरेशी जागा नाही.' भाचीच्या लग्नाने मोकळी केलेली जागा झऱ्यांनी आणि पहाटांनी केव्हाच भरली होती.

"श्शी!" दातकाका कुजबुजले आणि तिथेच काहीतरी पुसायला लागले.

मालकीणबाईंनी हात पुढे करून मला दातकाकांच्या मांडीवर उपडं केलं. "बघा ना हो. तुमचे दात बोलतायत."

मला काही दिसलं नाही. फक्त अंधार, विजारीचं कापड, आणि वरून येणारी ती शीळ. सभागृहात खुर्च्या करकरल्या. पहिली रांग मागे सरकली असणार.

पुढे नेहमी होतं तेच झालं. नवीन फोन आला, माझ्या चौपट कोठीचा. विक्रेत्याने त्यांना सांगितलं म्हणे, आयुष्यभर भरणार नाही. तो पंधरवड्यात निम्मा झालाय असं उडत उडत कानावर आलं. मी त्याच्यावर हसत नाही. कोठी वाढते तशी भूकही वाढते. माणसं जागा बघून सामान आणतात, सामान बघून जागा नाही.

सगळं सामान तिकडे हलवून मला मात्र पार पुसून कोरं केलं. जिथे कालपर्यंत चालायला वाट नव्हती तिथे आता हाक मारली तर घुमेल. पहिले काही दिवस करमलं नाही. हलकं वाटलं, पण माणसं गेलेल्या घरासारखं.

मग दातकाकांनी मला महाराजांना दिलं. त्यांचा हा पहिलाच मोबाईल. त्यांनी माझ्यात आजवर एकच फोटो काढलाय, तोही स्वतःच्या अंगठ्याचा, चुकून. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात. "स्पष्ट आलाय की नाही? रेघा मोजून घ्या." मी रोज पोळ्या लाटण्याच्या ओट्यावर पडून असतो, म्हणून हे पीठ.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या खिशातल्या माझ्या भावंडाने 'जागा नाही' म्हटलं की कपाळावर हात मारून त्याला दुकानात नेऊ नका. एकदा आत डोकवा. काय ठेवायचं ते आम्हाला नाही कळत, आमच्याकडे गुलाब आणि दात एकाच मापाचे.

महाराजांचा शेवटचा प्रयोग झाला खरा, पण लोकांनी इतका आग्रह केला की आता आणखी एक शेवटचा ठरलाय. नवं नाटक, नवी भूमिका. पाठांतर होत नाही म्हणून ते संवाद माझ्यात बोलून ठेवतात, मग ऐकतात, चुकलं की स्वतःलाच शिव्या घालतात. त्या शिव्याही माझ्यात साठतात, शिळेसकट.

थांबा. आले ते. चष्मा लावलाय, घसा खाकरलाय, लाल बटण शोधतायत. सापडलं. आता मला गप्प बसू द्या. त्यांना बोलायचंय, आणि माझ्याकडे जागा भरपूर आहे.