जिवंत माणसाचं सुतक

मी ग्रात्सिया. होडी आहे. आणि मला राग आलेला आहे.

होडीला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी सावकाश चालणारी, बोलतेही सावकाश. पण एकदा सुटले की किनारा लागेपर्यंत थांबत नाही. तेव्हा बसा जरा टेकून.

गोझो बेटावरच्या एका लहानशा बंदरात साल्वू सुतारानं मला बांधलं. कागद नाही, नकाशा नाही. वीत लावायची, एक डोळा मिटून बघायचं आणि फळी तासायची. माझा धनी विस्तिन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. रोज संध्याकाळी यायचा आणि विचारायचा, "झाली का?" साल्वू चिडायचा. "अरे, पाव भाजतोय का मी? होईल तेव्हा होईल. घरी जा आणि आईला त्रास दे."

झाले एकदाची. निळी, मधे लाल पट्टा, काठाला हिरवा. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे कोरीव डोळे. आमच्याकडे डोळ्यांशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. आंधळीला कोण समुद्रात पाठवतं? आणि डोळ्यांच्या खाली, दोन्हीकडून टोकाला येऊन मिळणारा एक रुंद पट्टा. त्याला मिशी म्हणतात. बाईमाणसाला मिशी कशी, असं विचारू नका. साल्वूलाही कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या सासूला विचार."

ही मिशी नीट ध्यानात ठेवा. माझा सगळा राग तिथं आहे.

प्रत्येक बंदराच्या मिशीचा रंग वेगळा. आमची पिवळी, पिकल्या लिंबासारखी. लांबून दिसली की कळतं, ही होडी कुठली. आणि घरातलं माणूस गेलं की मिशी काळी करायची. वर्षभर. काळ्या मिशीची होडी दिसली की बाकीच्या होड्या बंदराच्या तोंडाशी थांबून तिला आधी वाट देतात. तिच्यावर कुणी गाणं म्हणत नाही, जत्रेतल्या शर्यतीला तिला कुणी बोलावत नाही. कुणाला काही सांगावं लागत नाही. होडीच सांगते.

माझी मिशी दोनदा काळी झाली. एकदा विस्तिनची आई गेली तेव्हा आणि एकदा त्याची बायको जीझा गेली तेव्हा. दोन्ही वेळा त्यानं स्वतःच्या हातानं रंग लावला. जीझाच्या वेळी लावता लावता तो थांबला, माझ्या फळीला कपाळ टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि मग उरलेली बाजू पुरी केली. ती बाजू जरा फिकी झाली होती. मला चालली.

चाळीस वर्षं आम्ही मासे धरले. पुढं मासे कमी झाले आणि माणसं वाढली. तेव्हा विस्तिनही चार पाहुण्यांना घेऊन फिरवायला लागला. मिठाचे वाफे दाखवायचा, उभे कडे दाखवायचा. समुद्रातली दगडी कमान होती तोवर ती दाखवली. ती कोसळल्यावरही लोक तीच मागायचे. "जी पडली ती दाखवा." विस्तिन मोकळ्या आभाळाकडे बोट करायचा. "ही बघा. छान आहे ना?" लोक त्याचेही फोटो काढायचे!

एक जागा मात्र तो सहसा कुणाला दाखवत नसे. कड्याच्या मागच्या अंगाला एक गुहा आहे. तोंड एवढं बुटकं की वाकून आत जावं लागतं. आत हिरवं पाणी, आणि वरच्या कपारीत समुद्रपक्ष्यांची घरटी. तिथं पोचायच्या आधीच तो इंजिन बंद करायचा आणि वल्ही घ्यायचा. बरोबर कुणी असलंच तर ओठांवर बोट ठेवायचा. पिल्लं झोपलेली असतात म्हणून. जीझाला लग्नाचं त्यानं तिथंच विचारलं होतं, तेही हळू आवाजात. तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा विचारावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत चालायला लागला, हात लुळा पडला. जीभ मात्र शाबूत राहिली. मुलगी डोलोर त्याला वरच्या गावात आपल्या घरी घेऊन गेली. त्या घरातून समुद्र दिसत नाही. आणि मी आले जावयाच्या हाती.

जावयाचं नाव क्लेमेंत. आधी हॉटेलात ताटं वाढायचा. माणूस वाईट नाही, हे मी रागातसुद्धा सांगते. पहाटे उठायचा, मला घासून पुसून ठेवायचा. पण बंदरावर त्यानं पाटी लावली. "बेटाची प्रसिद्ध ठिकाणं आणि कुणालाच माहीत नसलेल्या जागा." कुणालाच माहीत नसलेल्या जागेवर रोज चार फेऱ्या! गुहेत इंजिन चालू ठेवूनच शिरायचा. आत गेलं की म्हणायचा, "ओरडा, आवाज कसा घुमतो बघा." आणि मोठी मोठी शहाणी माणसं कुत्र्यासारखी भुंकायची. पहिल्या उन्हाळ्यात पक्षी उडून उडून परत येत होते. दुसऱ्या उन्हाळ्यात कपार रिकामी होती. मी काय करणार? मला डोळे दिलेत, हात नाही दिले.

तरी तिथवर मी गिळलं. पुढचं नाही गिळवत.

आमच्या शेजारच्या होडीच्या घरी तेव्हा खरोखरच कुणी गेलं होतं. तिची मिशी काळी होती. एका पाहुण्या बाईनं क्लेमेंतला विचारलं, हिचं तोंड काळं का? त्यानं सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली, त्या होडीचे वीस-पंचवीस फोटो काढले आणि परतीची फेरीही त्याच होडीतून केली. क्लेमेंत बघत राहिला. त्या वर्षी आमच्याच धक्क्यावर पाहुणे फिरवणाऱ्या सहा होड्या झाल्या होत्या आणि त्याच्या दोन फेऱ्या रोज अर्ध्या रिकाम्या जात होत्या.

दुसऱ्या दिवशी तो काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. डोलोरनंच आणून ठेवला होता, माझ्या तळाला लावायला म्हणून. क्लेमेंत शीळ घालत बसला आणि त्यानं माझी मिशी काळी केली.

शीळ घालत!

जाळी विणणाऱ्या एकदोघांनी माना वर केल्या. "कोण गेलं रे क्लेमेंत?"

"कुणी नाही. रंग आहे नुसता."

"रंग आहे म्हणे," एक जण पुटपुटला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घालून बसला. त्यांचाही मला राग आहे. त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच्या होडीत कशाला बोट घाला, असं म्हणून गप्प बसले.

त्या दिवसापासून गुहेत गेलं की क्लेमेंत इंजिन बंद करू लागला. पक्ष्यांसाठी नव्हे, गोष्टीसाठी. टोपी काढायचा आणि सांगायचा, "ही होडी दुखवट्यात आहे. हिचा म्हातारा धनी, माझे सासरे, इथंच याच पाण्यात गेले. होडी एकटी बंदरात परत आली." मी एकटी परत आले म्हणे! लोक हात जोडायचे, कुणी पाण्यात फूल टाकायचं. आणि वरच्या गावात विस्तिन टोमॅटो चोळलेला पाव खात, तेल कमी घातलंस म्हणून लेकीशी भांडत बसलेला असायचा.

बंदराच्या तोंडाशी दुसऱ्या गावच्या होड्या मला पाहून थांबायच्या, वाट द्यायच्या. ती वाट घेताना मला फुटून जावंसं वाटायचं.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण नेनू परत आला. नेनू म्हणजे विस्तिनचा जुना दोस्त. गुडघा बदलायला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात गेला होता, दोन महिने तिकडे लेकाकडेच राहिला. आल्या आल्या कुबडी टेकत धक्क्यावर आला आणि माझ्याकडे बघून जागच्या जागी उभा राहिला. टोपी काढली. कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? मी सांगतच होते ना.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नेनूनं नंतर धक्क्यावर बसून सांगितलं, तेव्हा ऐकलं. तो तसाच बसनं वरच्या गावात गेला. वाटेत एक मोठी मेणबत्ती घेतली. डोलोरचं दार वाजवलं. मान खाली घालून म्हणाला, "पोरी, मला कुणी कळवलंसुद्धा नाही गं."

"काय कळवायचं होतं?" असं म्हणत दारात उभा कोण, तर विस्तिन.

नेनू म्हणे भिंतीला धरून खाली बसला. विस्तिन म्हणाला, "गुडघा बदलला की डोकं? आणि मेणबत्ती कशाला आणलीस? माझ्या नावानं आणतोस तर चीज आणायचं होतंस."

मग नेनूनं सांगितलं. विस्तिन हसायचा थांबला. डोलोरकडे वळून म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"नाही हो बाबा. शपथ. डबा मीच आणला, पण तळाला लावायला म्हणून."

रात्री घरी क्लेमेंतला कुणी काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विस्तिन रविवारचा कोट घालून बंदरात आला. डोलोर दंड धरून चालत होती. जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले. इतक्या वर्षांनी तो मला बघत होता. बराच वेळ बघितलं. क्लेमेंत लगबगीनं धक्क्यावर चढला. "मामा, तुम्ही? मी घरी सांगणारच होतो..."

"पाहुणे बसलेत. त्यांना कशाला ताटकळत ठेवतोस? चल. मलाही दाखव. कुणालाच माहीत नसलेली जागा."

तो माझ्या मधल्या फळीवर बसला, अकरा पाहुण्यांमधे. त्याचा लुळा हात माझ्या काठाला लागला. मिठाचे वाफे झाले, कडे झाले. गुहेत शिरल्यावर क्लेमेंतनं इंजिन बंद केलं, पण टोपी काढली नाही. तेव्हा एका पाहुण्यानंच आठवण केली, "ती म्हाताऱ्याची गोष्ट सांगा ना. आम्ही त्यासाठीच आलोय."

"सांग," विस्तिन म्हणाला.

"मामा..."

"सांग की. कसा गेलो ते मलाही कळू दे."

क्लेमेंतनं सांगितलं. खाली बघत, अडखळत. तो अडखळला म्हणून लोकांना अजूनच खरं वाटलं. एका बाईनं डोळे पुसले. मग विस्तिन त्यांच्या भाषेत हळू म्हणाला, "तो म्हातारा मी आहे. मी मेलेलो नाही."

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या! गोष्टीचा शेवटच तसा आहे, असं त्यांना वाटलं. हसले, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. टाळ्यांचा आवाज गुहेत घुमत राहिला. विस्तिननं वर कपारीकडे पाहिलं. एकही पक्षी नव्हता. "इथं पिल्लं असायची," एवढंच तो म्हणाला.

परतल्यावर तो धक्क्यावर माझ्यासमोर बसला आणि डाव्या हातानं माझी मिशी खरवडायला लागला. क्लेमेंत पुढं झाला. "द्या मामा, मी करतो."

"तू शीळ घाल."

संध्याकाळपर्यंत खरवडलं. खालचा पिवळा दिसायला लागला. मग डोलोरनं नवा पिवळा लावला. विस्तिननं माझ्या डोळ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "तू माझ्याबद्दल खोटं बोललीस गं." मी नाही बोलले! हे त्याला सांगता आलं नाही, ते अजून माझ्या पोटात आहे.

फेब्रुवारीत तो खरंच गेला. अंथरुणात, झोपेत. नेनूनं क्लेमेंतला सांगितलं, "आता लाव काळा. आता खरा आहे."

क्लेमेंत म्हणाला, "नेनूकाका, कुठल्या तोंडानं लावू? सगळं बंदर हसेल. म्हणेल, याचा सासरा कितीदा मरतो? नको. पिवळाच राहू दे."

बघा. जिवंत होता तेव्हा मी त्याचं सुतक अंगावर वागवलं. मेला तेव्हा मी सणासारखी नटून उभी. मार्च गेला, एप्रिल गेला. दुसऱ्या होड्या माझ्या अंगाला घासून पुढं जायच्या, हाका मारायच्या, गाणी म्हणायच्या. त्यांचं काय चुकलं? माझ्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मोसम सुरू झाला. माझ्यावर केक कापले गेले, एका नवरा-नवरीचे फोटो निघाले. चाळीसहून जास्त वर्षं ज्यानं मला वल्हवलं त्याच्यासाठी मला एक बोटभर काळा रंग मिळेना.

गेल्या रविवारी, प्रार्थना आटोपून सगळे पांगल्यावर, डोलोर एकटी आली. हातात तोच डबा. रंगावर जाड साय धरली होती. कुंचला आणायला विसरली होती. तिनं बोटानं साय फोडली आणि बोटांनीच माझ्या मिशीला काळं फासायला लागली. आधी एक बाजू. मग थांबली, कपाळ माझ्या फळीला टेकलं, बापासारखंच, आणि मग दुसरी बाजू. क्लेमेंत लांब उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं तो आला आणि तिनं सांगण्याआधीच पाटी काढून ठेवली. मग डबा धरून उभा राहिला. जाळी विणणारे उठले. टोप्या काढल्या.

रंग वाकडातिकडा झालाय. बोटांचे ठसे उमटलेत. फिकी बाजू पुन्हा तीच.

तर तुम्ही कधी या बेटावर आलात, तर वाफे बघा, कडे बघा, मोकळ्या आभाळातली पडलेली कमानसुद्धा बघा. धक्क्यावर काळ्या मिशीची एक जुनी निळी होडी दिसेल. तिच्यापुढं उभं राहून फोटो काढू नका. गोष्ट सांगा म्हणू नका. आणि त्या गुहेची वाट तर विचारूच नका. या वर्षी मी कुणाला तिकडे नेणार नाही.

यंदा वाट द्या मला. या वेळी ती माझ्या हक्काची आहे.